पुणे दाखवणाऱ्या रिक्षाला उभे राहायला जागा द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी मावसबहीण अकोल्याहून आठ दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आली होती. वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. पुण्यात चारदा येऊनही लग्नकार्य आणि दवाखाना यांपलीकडे शहर पाहिलेले नाही, ही तिची जुनी खंत. पेठांमधून पायी नेणाऱ्या वारसा-सहली पुण्यात चांगल्या होतात, परंतु तीन तास चालणे तिला शक्य नव्हते. बसमधून आगाखान पॅलेस किंवा शिंदे छत्री सुखाने पाहता येते, मात्र ज्या बोळांत जुने पुणे अजून टिकून आहे तिथे बस वळूच शकत नाही. म्हणून आम्ही दोघींनी रिक्षातून शहर पाहायचे ठरवले. त्या आठवड्यात आम्ही अशा दोन फेऱ्या केल्या. त्या दोहोंमध्ये जो फरक मला जाणवला, त्याकडे आपल्या वृत्तपत्रातून महापालिका, वाहतूक पोलीस आणि परिवहन विभाग यांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

पहिली फेरी एका सहल कंपनीची होती. पैसे आगाऊ घेतलेले होते, सजवलेल्या तीन रिक्षा होत्या आणि माहिती सांगणारा तरुण मात्र एकच होता. तो पहिल्या रिक्षात बसला. रिक्षात तीनच प्रवाशांना परवानगी असल्यामुळे त्याच्याबरोबर दोन पाहुणे बसले आणि मागच्या दोन रिक्षांतले आम्ही सहा जण हुडाच्या कडेतून जे दिसेल ते पाहत राहिलो. उतरल्यावर सगळ्यांना गोळा करून तो सांगू लागे, पण शिवाजी रस्त्यावर तीन रिक्षा एकामागे एक उभ्या करणे कोणालाच जमण्यासारखे नाही. शनिवारवाड्यासमोर आम्ही जेमतेम सात-आठ मिनिटे थांबलो आणि त्यातला बहुतेक वेळ अमावास्येच्या रात्री ऐकू येते असे म्हणतात त्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेत गेला. वाडा कोणी बांधला, तो कधी जळला, आज जे दिसते त्यात मूळचे किती, यांपैकी एकही गोष्ट निघाली नाही. आमच्या रिक्षाचे चालक सबंध वेळ गप्प होते. शेवटी उतरताना मी विचारले तेव्हा कळले, की ते रविवार पेठेत जन्मलेले आहेत आणि आम्ही पाहिलेल्या प्रत्येक चौकाविषयी त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे; पण त्यांनी बोलावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

दुसऱ्या फेरीसाठी आम्ही आमच्या चौकातल्या स्टँडवरच्या एका ओळखीच्या रिक्षाचालकांना विचारले. पन्नाशीचे गृहस्थ, कसब्यात वाढलेले, वडीलही रिक्षाच चालवत. ‘‘आजी, मीटर टाकत नाही, चार तासांचे नऊशे द्या, पण मग घाई करायची नाही,’’ एवढीच त्यांची अट होती. सकाळी साडेसातला निघालो. कसबा गणपतीचे दर्शन झाले आणि मुख्य रस्त्याला न लागता त्यांनी रिक्षा तांबट आळीत घातली. तिथे त्यांनी इंजीन बंद केले आणि फक्त ‘‘ऐका’’ म्हणाले. आतून ठोक्यांचा आवाज येत होता. एका दाराशी एक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर तांब्याचे पातेले चढवून डाव्या हाताने ते तसूतसूने फिरवत होता आणि उजव्या हातातली हातोडी प्रत्येक वेळी आधीच्या खुणेला अगदी चिकटून पडत होती. मठारकाम ते हेच. त्या ठोक्यांनी पत्रा टणक होतो, आणि भांड्यावर उठणाऱ्या त्या बारीक चमकत्या टिकल्यांना आपण नक्षी समजतो. माझ्या आईच्या घरी असे बंब आणि हंडे होते, मी ते लहानपणी चिंच लावून घासले आहेत. परंतु ती टिकली कशी उमटते हे मी अडुसष्टाव्या वर्षी, घरापासून दोन किलोमीटरवर, रिक्षात बसून पहिल्यांदा पाहिले. बहिणीला उतरावेही लागले नाही. चालकांनी त्या कारागिराला नावाने हाक मारली, आपल्या आईचा हंडा याच आळीत झाला होता हे सांगितले, आणि आम्ही परक्या आहोत हा भाव क्षणात गेला. एरवी अशा दारात कोणी बाहेरचा माणूस उभा राहिला तर काम करणाऱ्याला अवघडल्यासारखे होते आणि पाहणाऱ्यालाही.

तिथून आम्ही सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीकडे गेलो. नागझरीच्या काठचे हे अठराव्या शतकातले दगडी देऊळ पुण्यातल्या बाकीच्या पेशवाई देवळांसारखे नाही. बाहेरून शिखर नजरेत भरत नाही, पण दर्शनी भिंत कोरीवकामाने भरलेली आहे. मोरावर बसलेला, तीन सोंडांचा गणपती आत आहे, संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ गोरे शिपाई कोरलेले आहेत. हा गेंडा सहज दिसत नाही. त्यासाठी भिंतीच्या नेमक्या जागेकडे कोणीतरी बोट दाखवावे लागते. आमच्या चालकांनी दाखवले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच सांगा.’’ ईस्ट इंडिया कंपनीचे बळ देशात पसरत होते त्या काळातले हे देऊळ आहे, एवढे मी सांगू शकले. दोन माणसांनी आपापल्याकडचे थोडे थोडे जोडून एखादी जागा समजून घ्यावी, हा आनंद छापील पत्रकातून मिळत नाही.

जुन्या पुण्याचा क्रम आज एकेरी वाहतूक ठरवते, हेही मला त्या दिवशी उमगले. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून दक्षिणेला मंडई आणि स्वारगेटकडे जातो, बाजीराव रस्ता उलट दिशेने उत्तरेला येतो. त्यामुळे कोणताही रिक्षाचालक वाड्यापासून सुरुवात करतो, लाल महाल, बुधवार पेठ, मंडई असे खाली उतरतो आणि परतताना केळकर संग्रहालय, विश्रामबागवाडा असे वर येतो. कालक्रमाने पाहिले तर हा मार्ग वाईट नाही. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी होऊन १७३२ च्या जानेवारीत ज्याची वास्तुशांत झाली तो थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा आधी, आणि दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेला, सुरूच्या झाडासारख्या घडणीच्या खांबांचा विश्रामबागवाडा शेवटी. म्हणजे पेशवाईची दोन टोके एका फेरीत हाताला लागतात.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी आमच्या चालकांनी जे केले त्याचा उल्लेख मला मुद्दाम करायचा आहे. रिक्षा त्यांना तिथे उभी करता येईना, म्हणून त्यांनी आम्हाला उतरवले, ‘‘दाराच्या एका फळीवर किती खिळे आहेत ते मोजून ठेवा,’’ असे सांगितले आणि ते चक्कर मारून यायला गेले. आम्ही दोघींनी मोजले: आठ आणि नऊच्या ओळी, एकेका फळीवर बहात्तर अणकुचीदार खिळे, हत्तीने धडक दिली तर नेमके त्याच्या मस्तकाला लागतील इतक्या उंचीवर. माझी बहीण गणिताच्या पाठासारखी बोट धरून मोजत होती आणि तिथे आलेली दोन शाळकरी मुले तिच्या मागे उभी राहून मोजू लागली. पंधरा मिनिटांनी चालक परत आले, कारण तेवढ्या वेळात त्यांना तीनदा हलवण्यात आले होते. मग आम्ही कडेला उभे राहून बोललो. १८२८ च्या आगीत आतले सगळे लाकूडकाम गेले आणि चौथरे, तटबंदी व दरवाजे उरले हे त्यांना ठाऊक होते. नारायणरावांच्या खुनाची गोष्टही त्यांनी सांगितली, परंतु ‘ध’ चा ‘मा’ ही पिढ्यान्पिढ्या चालत आलेली कथा आहे असे म्हणून सांगितली, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी केलेला खून व त्यानंतर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दिलेला दोष हा इतिहास आहे, असा भेद स्पष्ट ठेवला. हा भेद त्यांना कोणी शिकवला, असे मी विचारले. स्टँडवर भाडे येईपर्यंत वाचतो, म्हणाले.

सर्वांत जास्त वेळ आम्ही जिथे थांबायला हवे होते तिथे सर्वांत कमी थांबता आले. बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. १ जानेवारी १८४८ रोजी जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. ती जुनी वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि त्या जागी स्मारक उभारायचे ठरले आहे. रोज हजारो माणसे गणपतीपुढे हात जोडून उभी राहतात आणि ती जागा त्यांच्या पाठीशी असते. जिथे डोळ्यांना पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही, तिथे सांगणाऱ्या माणसाचीच गरज असते. आमचे चालक रिक्षा हळू करून मागे न वळता म्हणाले, ‘‘आजी, उजवीकडे बघा, तुमच्या नोकरीची सुरुवात इथे झाली.’’ मागचा हॉर्न वाजला आणि आम्ही पुढे गेलो. मी पस्तीस वर्षे मुलींना इतिहास शिकवला. त्या चौकातून मी अक्षरशः हजारो वेळा गेले असेन. त्या वाक्याने माझे डोळे भरून आले आणि तिथे दोन मिनिटे उतरून उभे राहावे असे फार वाटले, पण ते शक्य झाले नाही.

मंडईत मात्र जागा मिळाली. १८८६ मध्ये उघडलेली ही अष्टकोनी इमारत आधी रे मार्केट या नावाने ओळखली जाई, आज ती महात्मा फुले मंडई आहे. तिच्या मनोऱ्याखाली उभे राहून बहिणीने अर्धा किलो अंजिरे घेतली. पुढे बोळांतून आम्ही गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेलो. छोटे अंगण, जोतिरावांची समाधी, आणि १८६८ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद. बहीण हौदाच्या कडेला हात टेकून बराच वेळ उभी राहिली. इथे रहदारी नव्हती, कोणी हलवत नव्हते, आणि म्हणूनच हा भाग तिच्या मनात सर्वांत पक्का राहिला, असे ती अकोल्याला गेल्यावर फोनवर म्हणाली. केळकर संग्रहालय पुरे पाहायला वेगळा दिवस हवा. आम्ही मस्तानी महाल आणि दिव्यांचे दालन पाहून निघालो.

आता मूळ मुद्दा. रिक्षात तीनच माणसे बसतात, हे ध्यानात घेतले की वेगळा मार्गदर्शक बसवण्याची पद्धत रिक्षाच्या सहलीला मानवत नाही, हे उघड आहे. एक जागा तो घेतो आणि उरलेल्या गाड्यांना त्याचा आवाज पोहोचत नाही. सांगणारा चालकच असला पाहिजे. परंतु चालकाची पाठ प्रवाशांकडे असते आणि पेठांतल्या रहदारीत त्याची नजर रस्त्यावरून हलता कामा नये, म्हणजे त्याला बोलायचे तर थांबूनच बोलावे लागणार. तेव्हा सगळा प्रश्न थांबण्याच्या जागेपाशी येऊन अडतो. शनिवारवाडा, लाल महाल, भिडे वाड्याची जागा, विश्रामबागवाडा आणि त्रिशुंड गणपती या ठिकाणी दोन-दोन रिक्षांना पंधरा मिनिटे उभे राहता येईल एवढी जागा पांढऱ्या पट्ट्याने आखून द्यावी, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. एका मोटारीच्या जागेत जवळजवळ दोन रिक्षा मावतात. एवढी जागा काढणे अशक्य नाही. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, विश्रामबागवाडा व मंडई महापालिकेकडे आणि रस्त्यावरची शिस्त वाहतूक पोलिसांकडे, अशी ही विभागणी असल्यामुळे कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. महापालिकेच्या वारसा कक्षाने पुढाकार घेऊन या सर्वांना एकदा एका टेबलाभोवती बसवावे.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. आमच्या चालकांसारखे वाचणारे गृहस्थ अनेक असतील, पण प्रवाशाने नशिबावर किती विसंबायचे? सदाशिव पेठेत १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली रिक्षा पंचायत आहे, आणि शहरात माझ्यासारखे निवृत्त शिक्षक तर पुष्कळच आहेत. यांनी मिळून दहा रविवारांचा अभ्यासक्रम आखावा. त्यात सनावळ्यांचा भार नको. जागेवर काय पाहायचे, दंतकथा सांगताना ती दंतकथा आहे हे कसे सांगायचे, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असे कसे म्हणायचे, एवढे आले तरी पुरे. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या चालकाच्या बिल्ल्याशेजारी एक वेगळी खूण असावी. संरक्षित वास्तूंच्या आत माहिती देण्याचे काम परवानाधारक मार्गदर्शकांचेच राहावे. चालकाने दारापर्यंत न्यावे, काय पाहायचे ते सांगून आत पाठवावे आणि बाहेर आल्यावर शंका ऐकून घ्यावी.

भाड्याविषयीही लिहिणे भाग आहे, कारण पुण्यात रिक्षा म्हटले की बोलणे तिथेच येते. आमचा सगळा फेरा जेमतेम नऊ किलोमीटरचा झाला. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये धरून, त्याचे साधारण १५२ रुपये होतात. चार तास गाडी अडकवून, सकाळच्या शाळा-ऑफिसच्या सवाऱ्या सोडून कोणता चालक या पैशात शहर दाखवील? प्रतीक्षेचा आकार मिळवला तरी ते परवडणारे नाही. दुसरीकडे, दर ठरलेला नसल्यामुळे बाहेरगावच्या माणसाला कोणी दोन हजार सांगितले तर त्याच्याकडेही उत्तर नाही. म्हणून प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने मीटरच्या दरांबरोबरच शहरदर्शनाचा दोन तासांचा आणि चार तासांचा दर ठरवून जाहीर करावा. त्यामुळे भांडण टळेल, आणि चालकाला आपले बोलणे हेही काम आहे व त्याचे मोल आहे, हे कागदावर दिसेल.

या सर्वाला आज एक चांगले निमित्त आहे. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके जुन्या शहराच्या पोटात आली. पिंपरी-चिंचवडहून येणारा माणूस आता स्वतःची गाडी न आणता थेट मंडईत वर येतो आणि तिथून कुठे जायचे हे त्याला कळत नाही. या दोन स्थानकांबाहेर शहरदर्शनाच्या रिक्षांचा एक छोटा थांबा आणि त्यावर दराचा फलक, एवढी व्यवस्था झाली तर पेठांत मोटारींची गर्दी न वाढवता शहर दाखवता येईल. गुडघे दुखणाऱ्या, लहान मूल कडेवर असलेल्या, उन्हात चालू न शकणाऱ्या माणसांनाही आपले शहर पाहण्याचा हक्क आहे.

अभ्यासक्रम सुरू करायचे ठरलेच, तर रविवारी सकाळचे दोन तास मी कोणतेही मानधन न घेता द्यायला तयार आहे. आमच्या स्टँडवरच्या त्या चालकांशीही बोलणे झाले आहे. पहिल्या बाकावर मी बसेन, असे त्यांनी सांगितले आहे. फक्त वर्ग साडेनऊच्या आत संपावा, कारण त्यानंतर त्यांच्या सवाऱ्या सुरू होतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
नारायण पेठ, पुणे